शुक्रवारचे हिरवे गाळे

सुहासदादा, तुझ्या शोकसभेत पहिलंच वाक्य आलं, "आज इथे सगळेच्या सगळे हळहळतायत."

बोलत होते वालीवच्या लहान कारखान्यांच्या गाळामालक संघटनेचे अध्यक्ष. पांढरा शर्ट, पांढरी पँट, पांढरे बूट. तू असतास तर माझ्या कानाशी येऊन विचारलं असतंस, "सगळे म्हणजे कोण? यादी आहे का?" तू नव्हतास, म्हणून मीच मान वळवून बघितलं. मागच्या रांगेत दोघे मोबाइलवर क्रिकेट बघत होते. दाराशी एक जण समोशांची खोकी कुठे ठेवू ते खुणेने विचारत होता. पहिल्या रांगेत काकू, तुझी आई, मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या आणि रडत नव्हत्या. म्हणजे अध्यक्षांचं पहिलंच वाक्य नापास. 'सगळे' म्हणणाऱ्याला नापास करायला एक पुरतो, हे तूच शिकवलंस.

तुझा ऑफिसच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून लावला होता. त्यात तू जितका सरळ दिसतोस तितका होतासच, आणि माझा सगळा राग त्यावरच आहे.

अध्यक्षांनी तुला 'थोर संगणक अभियंता' करून टाकलं. तू टेस्टर होतास. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या, आणि मग त्यांना वाईट वाटू नये म्हणून अर्धा दिवस गोड बोलायचं, हे तुझं काम. पहिलं अर्धं तुला छान जमायचं. दुसऱ्या अर्ध्याची मला शिसारी होती, आणि ती मी कधी लपवली नाही.

आपली ओळखसुद्धा चूक काढण्यावरूनच झाली. गोखिवऱ्याच्या नाक्यावर मी पत्रकं वाटत होते. लोक पत्रक घेतात, चार पावलांवर टाकतात; मला त्याची सवय आहे. तू तिथेच उभा राहून अख्खं वाचलंस आणि परत आलास.

"'वालीवमधल्या सगळ्या पॉवर प्रेस बिनगार्डच्या आहेत.' सगळ्या बघितल्या?"

"माझ्या मामाची बघितली. दोन बोटं गेली त्याची."

"मग एक लिहा."

"एक लिहिलं तर कोण वाचणार?"

"मी वाचलं असतं," तू म्हणालास.

त्या दिवसापासून तू मला 'पत्रकबाई' म्हणायला लागलास आणि मी तुला, तोंडावर दादा आणि पाठीमागे 'सभ्य गृहस्थ'. तुला ते ठाऊक होतं. तुला शिवी वाटत नव्हती, ही त्यातली खरी अडचण.

काशीमामाला मी तुझ्याकडे घेऊन आले तो दिवस आठवतो? आमची खाडीकाठची भातशेती सुटल्यावर मामा प्रेसवर लागला. पत्र्याचा तुकडा हाताने डायखाली, म्हणजे लोखंडी साच्याखाली, सरकवायचा, पेडल दाबायचं, वरून दणका येतो, भाग तयार. हात आत असताना दणका येऊ नये म्हणून पुढे जाळीचा गार्ड असतो. गार्ड लावला की हात फिरायला वेळ लागतो, माल कमी निघतो, म्हणून मालक तो काढून ठेवायला सांगतात. तू मामाला अगदी हळू आवाजात विचारलंस, गार्ड नव्हताच का. मामा हसला. "व्हता ना. भिंतीला टेकून बघत व्हता." तू वहीत काहीतरी लिहायला म्हणून खाली बघितलंस आणि बराच वेळ वर बघितलं नाहीस. तेव्हा मला वाटलं होतं, हा माणूस आता पेटेल. कसला पेटतोस. तू म्हणालास, "आपण नीट माहिती गोळा करायला हवी."

आणि मग तू मला पायथन शिकवायला घेतलंस, तुमच्या स्वयंपाकघरात, काकू कुळीथ निवडत असताना. मी वटारहून केळी आणली होती. तू एक फणी टेबलावर ठेवलीस. पायथन ही संगणकाला काम सांगायची भाषा, आणि त्यात यादी तपासायला दोन शब्द आहेत, म्हणालास. एक 'ऑल', एक 'एनी'. ऑलला विचारायचं, या फणीतली सगळी केळी पिकली आहेत का. तो एकेक दाबून बघत जातो. पहिलं कच्चं लागलं की थांबतो आणि 'खोटं' म्हणतो. पुढची बघतच नाही. एनीला विचारायचं, एक तरी पिकलंय का. त्याला पहिलं पिकलेलं लागलं की 'खरं', आणि तोही तिथेच थांबतो.

"म्हणजे एनी माझा," मी म्हटलं. "एक सापडलं की पत्रक छापायला मोकळी."

"आणि ऑल माझा," तू म्हणालास.

काकू म्हणाल्या, "आणि केळी खाणार कोण ते पण ठरवा."

मग मी सहज विचारलं, फणीच नसेल तर? टेबल रिकामं. ऑल काय म्हणतो?

"खरं म्हणतो. सगळी पिकली आहेत."

मी हसले. तू हसला नाहीस. समजावायला लागलास, की 'खोटं' म्हणायला एक कच्चं केळं दाखवावं लागतं, रिकाम्या टेबलावर ते दाखवता येत नाही, म्हणून नियम मोडलेला नाही, म्हणून खरं. गणितात असंच असतं. मी म्हटलं, "हे गणित नाही, ही कचेरी आहे. तक्रार आली नाही, म्हणजे सगळं ठीक आहे. तुझ्या डोक्यात काही नाही, म्हणजे तुझे सगळे विचार थोर." काकूंच्या हातातलं सूप हललं, इतक्या त्या हसल्या.

पण तूही सोडणारा नव्हतास. "तुझ्या एनीला विचार ना. गार्ड नसलेली एक तरी प्रेस आहे का? रिकाम्या यादीवर तो 'नाही' म्हणेल. मग गाळा सुरक्षितच ठरला. तुझा शब्द माझ्या शब्दाइतकाच आंधळा आहे."

ते बरोबर होतं. म्हणून मी दोन केळी जास्त खाल्ली.

नंतर ते संघटनेचं काम तू घेतलंस. घेतलंस म्हणजे त्यांनी तुझ्या गळ्यात मारलं आणि तू फुकट करून दिलंस. बाहेरची एक मोठी कंपनी वालीवमधून सुटे भाग घ्यायची. तिने कळवलं की ज्या गाळ्यातल्या सगळ्या प्रेसना गार्ड असतील त्याच गाळ्याचा माल घेऊ. आम्ही पत्रकं वाटून थकलो, मामाची बोटं गेली, कोणी हललं नव्हतं. एका कंपनीच्या पत्राने सगळे खडबडून उभे राहिले. तेवढी एकच गोष्ट आमच्या हातात आली होती. मालकांवर दाब टाकणारं दुसरं काही नव्हतं, आजही नाही.

संघटनेने बाहेरून दोन माणसं आणून पाहणी करवली. गाळ्यागाळ्यांतून मशीनची माहिती येणार, तुझा प्रोग्रॅम ती तपासणार; सगळ्या प्रेसना गार्ड असेल तर गाळा हिरवा, नसेल तर लाल. तुझी ओळ स्वच्छ होती. ऑल, आणि पुढे अट.

पाहणीचा निकाल आला तेव्हा जवळजवळ सगळं वालीव हिरवं. लाल फक्त थोडे. आणि ज्यांच्याबद्दल मला काशीमामा स्वतः सांगत होता की तिथे गार्ड म्हणून काही वस्तू असते हेच कोणाला माहीत नाही, ते गाळेसुद्धा हिरवे. तू माहिती उघडून बघितलीस आणि म्हणालास, "गंमत आहे. या गाळ्यांच्या यादीत एकही मशीन नाही."

मी तारीख बघितली. शुक्रवार.

दादा, वालीवची साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असते हे तिथल्या चहावाल्याच्या मांजराला माहीत आहे. 'कामात व्यत्यय नको' म्हणून अध्यक्षांनी पाहणी शुक्रवारी ठेवली होती. ती माणसं आली, बंद शटरवरचं नाव लिहून घेतलं, गाळा नंबर लिहून घेतला, मशीनच्या जागी काही लिहिलं नाही, आणि पुढच्या शटरकडे गेली. सुट्टीच्या दिवशीही जे चार गरजू गाळे चालू होते त्यांची मशीनं दिसली, आणि तेच लाल झाले. बाकी सगळे, कुलपाच्या कृपेने, सुरक्षित.

हे मुद्दाम केलं की मूर्खपणाने, यावर आपण भांडलो. मी मुद्दाम म्हणत होते, तू मूर्खपणाने म्हणत होतास. माणसाला लबाड म्हणण्यापेक्षा मूर्ख म्हणणं तुला जास्त सभ्य वाटायचं.

"एक अट घाल," मी म्हटलं. "आधी बघ यादीत काही आहे का. नसेल तर हिरवा देऊ नकोस."

"घालता येते. एक शब्द आहे. पायथन रिकाम्या यादीला स्वतःहून खोटंच मानतं. फक्त तिच्याबद्दल ऑलने विचारलं की सगळं खरं सांगतं."

"मग घाल."

"प्रोग्रॅम चुकलेला नाही, पत्रकबाई. कोणी आत गेलं नाही, ही चूक आहे. ती मी एका शब्दाने झाकली तर पुन्हा कोणी आत जाणारच नाही. मी अध्यक्षांशी बोलतो, पाहणी पुन्हा करायला लावतो. सगळी माहिती येऊ दे, मग बोलू."

तू बोललास त्यांच्याशी. त्यांनी तुला चहा पाजला. तू पुन्हा बोललास. त्यांनी तुला संघटनेच्या वार्षिक स्नेहसंमेलनाचं आमंत्रण दिलं. मी तुला म्हटलं, "तू टेस्टर नाहीस, त्यांच्या दारातली तुळस आहेस. पाणी घालतात, प्रदक्षिणा घालतात, घरात काय चाललंय ते तुला विचारत नाहीत." ते तुला लागलं. लागावं म्हणूनच बोलले होते, आणि ते मी मागे घेत नाही.

आणि त्याच दिवसांत तुझे डोळे पिवळे झाले.

मी दारातच म्हटलं होतं, "डोळ्यांना हळद लावलीस का?" तू हसून बोटं मोजायला लागलास. ताप नाही. भूक लागते. उलटी नाही. पोट दुखत नाही. "सगळी लक्षणं कुठे आहेत? कावीळ म्हणजे काय फक्त डोळे?"

"नापास करायला एक पुरतं ना, दादा?"

"मला नापास करतेस?"

"करते. डॉक्टरकडे जा."

"बघतो," म्हणालास. बघितलं नाहीस. ऑफिसात कुठलातरी प्रोग्रॅम गिऱ्हाइकाकडे जायचा होता, कोणाला तरी वाईट वाटणार होतं. भूक गेली तेव्हाही, ताप नाही, म्हणालास. ताप आला तेव्हा रक्त तपासायला देऊन आलास आणि रिपोर्टची वाट बघत घरी बसलास. दवाखान्यात नेलं तेव्हा तू उठून बसू शकत नव्हतास. मी फोन केला. तुझा आवाज घशातून वर येत नव्हता. "सगळे येऊ देत," म्हणालास. गाळे की रिपोर्ट, हे मी विचारलं नाही, आणि नंतर विचारायची सोय राहिली नाही.

अध्यक्ष म्हणाले, "सुहास आजाराला धीराने सामोरा गेला." खोटं आहे. तू आजाराकडे पाठ करून बसला होतास. तो मूर्खपणा होता, आणि शोकसभेत कोणी म्हणणार नाही म्हणून मी इथे लिहिते. जगाच्या प्रोग्रॅममधलं एक कच्चं केळं तुला लांबून दिसायचं. स्वतःच्या आरशात दिसत असताना तू अख्खी फणी मागत राहिलास.

तर, सभा. दोन-तीन भाषणं झाली. 'मनमिळाऊ' हा शब्द सगळ्यांनी वापरला. मग अध्यक्षांनी टेबलावरचा कपडा काढला. खाली हिरव्या बोर्डांची चळत. बोर्डावर तुझं नाव: 'सुहास सुरक्षा सन्मान'. त्याखाली, 'या गाळ्यातील सर्व यंत्रे सुरक्षित आहेत'. अध्यक्ष म्हणाले, हे सुहासच्याच प्रोग्रॅमने ठरवलंय, आम्ही नाही. सोमवारी त्या मोठ्या कंपनीचे साहेब येतायत, त्याआधी प्रत्येक गाळ्यावर हे लागेल, आणि पहिला बोर्ड त्याच्या मातोश्रींच्या हाती.

बोर्ड काकूंच्या मांडीवर ठेवला गेला. फोटो निघाला.

मी उभी राहिले. हात वगैरे वर केला नाही.

"अध्यक्ष, पाहणीला माणसं कोणत्या वारी गेली होती?"

"ताई, ही ती वेळ नाही."

"वेळ राहू द्या. वार सांगा."

"शुक्रवारी. कामात व्यत्यय नको म्हणून…" त्यांनी वाक्य अर्ध्यात ओळखलं, पण ते तोंडाबाहेर पडलं होतं. मागे भिंतीला टेकून प्रेसवरची माणसं उभी होती, कोणीतरी फिसकन हसलं. मग काशीमामाचा आवाज आला, "शुक्रवारी तर कुत्रा पन नसतो तिथं. कोनी बगलं तुमाला, शटरनं?" आणि हसू सगळ्या हॉलभर पसरलं. तुझ्या फोटोसमोर, दादा. मला वाईट वाटलं नाही. दिवसभरात त्या हॉलमधलं तेवढंच खरं होतं.

काकूंनी बोर्डाकडे बघितलं. मग अध्यक्षांना विचारलं, "भाऊ, आत काय आहे ते कोणी बघितलं?"

"काकू, प्रोग्रॅमने सगळं तपासून…"

"प्रोग्रॅमला डोळे नसतात. सुहासचे डोळे पिवळे झालेले मी रोज सकाळी चहा देताना बघत होते. तो म्हणाला काही नाही, मी म्हटलं काही नाही. बघून न बघितलेलं कुणाला बाधतं, ते मला सांगायला नको." आणि बोर्ड उलटा करून खुर्चीवर ठेवला. "त्याचं नाव काढा यावरून. आधी बघून या."

समोसे कोणी खाल्ले नाहीत असं लिहायला आवडलं असतं. खाल्ले. अध्यक्षांनीही.

घरी येऊन मी तुझ्या प्रोग्रॅममध्ये ती अट घातली. तू मला चालवून बघायला दिलेली प्रत होतीच. यादीत काही असेल, आणि त्यातल्या सगळ्यांना गार्ड असेल, तरच हिरवा. चालवला, आणि शुक्रवारचे सगळे गाळे एका झटक्यात लाल झाले. मी खूश होऊन बसले होते. मग तुझा तो कंटाळवाणा आवाज ऐकू आला: लाल तरी कुठून? तेही तू बघितलेलं नाहीस. म्हणून तिसरा रंग केला, पांढरा. अर्थ: कोणी आत गेलेलं नाही. तेवढी सभ्यता तुझ्याकडून घेतली. बाकीची तुझी तुला परत.

तुझा तो नियम मात्र मला अजून छळतो. नसलेल्या गोष्टींबद्दल काहीही म्हणा, खरंच. मग ऐक. तुझी सगळी मुलं तुझ्यासारखी शांत निघाली. तुझे म्हातारपणाचे सगळे वाढदिवस आम्ही थाटात केले. त्या प्रत्येक वाढदिवसाला मी तुझी तुळशीबद्दल माफी मागितली. एकही वाक्य खोटं ठरवता येत नाही. बघ तुझं गणित काय कामाचं आहे ते.

काकूंचं 'आधी बघून या' सगळ्यांनी ऐकलं होतं, म्हणून अध्यक्षांना माणूस द्यावाच लागला. शनिवारी संघटनेचा कारकून, काशीमामा आणि मी, असे आम्ही वालीवला गेलो. पांढऱ्यातल्या पहिल्याच गाळ्याचं शटर अर्धं वर होतं. आत प्रेसची रांग, दणक्यावर दणका. पहिल्या मशीनचा गार्ड भिंतीला टेकून होता आणि त्यावर कोणाचातरी पंचा वाळत घातला होता. मशीनवरचा माणूस हात न थांबवता म्हणाला, "दीदी, गार्ड लगाया तो माल नहीं निकलता." त्याचा हात आत जात होता, बाहेर येत होता. दहाही बोटं होती. मी बघितली. मामाही तेच बघत होता.

कारकून म्हणाला, "झालं ना मॅडम? एक सापडली. लाल करा आणि चला, उन्हं चढतायत."

माझं काम तिथे खरंच झालं होतं. गाळा नापास करायला एक पुरते. पण त्या रांगेत पुढे आणखी माणसं होती, प्रत्येकाचा हात आत-बाहेर होत होता, आणि पहिल्यावर थांबणाऱ्याला त्यांची तोंडं कधीच दिसत नाहीत.

"सगळ्या बघायच्या आहेत," मी म्हटलं, आणि दुसऱ्या मशीनकडे गेले.